तिसऱ्या पंख्याचा आकडा

१

शेंडेफळ म्हणून तिला घरात बारकी म्हणत. बारकी सत्तेचाळीस वर्षांची झाली, चष्मा लागला, कंबर बोलू लागली, तरी नाव काही वाढलं नाही. घराच्या पुढच्या खोलीत ती कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवत असे. दुकान खरं तर दादाचं. काम त्यानंच तिला शिकवलं, आणि दोन वर्षांपूर्वी फुप्फुसांनी दगा दिल्यावर पेचकसांचा डबा तिच्याकडे सरकवून तो आतल्या खोलीत तीन उशांना टेकून बसला तो बसलाच.

दोन खोल्यांमधलं दार कधी लागत नसे. त्यातून दादाचा श्वास बाहेर ऐकू येई. आत जाताना बारीक शीळ, बाहेर येताना खरखर, मध्येच खोकल्याची ठेच. बारकीला त्याची इतकी सवय झाली होती, की भिंतीवरच्या घड्याळासारखा तो तिला ऐकूच येत नसे.

त्या आठवड्यात वाचनालयाच्या कामाची गडबड होती. ग्रंथपालबाईंना वाचनकक्षासाठी नवे कॉम्प्युटर हवे होते आणि तेही स्वस्तात. म्हणून बारकीनं बिननावाचे मदरबोर्ड मागवले. हिरव्या पाट्या, पातळ, कडेला हात लावला तर बोचतील अशा. जिथे कंपनीचं नाव छापलेलं असतं, तिथे नुसता पांढरा चौकोन होता.

जेवणं झाली की ती एकेक बोर्ड टेबलावर मांडी, वीज देई आणि सेटअप उघडी. कॉम्प्युटर नीट जागा होण्याआधी बोर्डाच्या पोटात जी निळी पानं असतात ना, ती. घड्याळ, तापमान, पंख्यांचे वेग, नाना प्रकारच्या खिट्ट्या. या बोर्डांवरचं इंग्रजी कुणी शब्दकोश मांडीवर घेऊन लिहिलं असावं. बारकी त्याचं मराठी करून मोठ्यानं वाची आणि दादा आतून दाद देई.

"दादा, इथे लिहिलंय, 'कुत्र्याला पाहू द्यावे काय?'"

"पाहू दे. बिचारं... कधीचं थांबलंय."

"आणि हे बघ. 'स्मरणशक्ती गरम असल्यास बोलू नये.'"

"हे तुझ्या वहिनीला... वाचून दाखव," दादा म्हणाला. मग तो हसला, हसता हसता खोकला, आणि स्वयंपाकघरातून वहिनीनं विचारलं, "आता काय वाचून दाखवायचंय मला?"

दुपारचा हा उद्योग दादाला औषधापेक्षा मानवत होता. त्यामुळे बारकी गरज नसतानाही सगळी पानं उघडून बघू लागली. एरवी कोण बघतं? कॉम्प्युटर चालू झाला की झालं.

पंख्यांच्या पानावर तीन ओळी होत्या. प्रोसेसरचा पंखा, दोन हजार शंभर. डब्याचा पंखा, नऊशे. तिसरा पंखा, सोळा.

तिसरा पंखा बारकीनं जोडलेलाच नव्हता.

२

यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. रिकाम्या पिनेवर हवेतली वीज काहीबाही लिहून जाते, हे दादानंच तिला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. पण हवेतली वीज लिहिते तेव्हा शून्य लिहिते, नाहीतर एकदम आठ हजार. मिनिटाला सोळा फेरे घेणारा पंखा जगात नाही. तो फिरतोय म्हणायचं की विचारात पडलाय म्हणायचं?

आकडा पंधरा झाला. पुन्हा सोळा. सतरा.

तिनं पिनांना बोट लावून पाहिलं. चिमट्यानं दोन पिना एकमेकींना जोडल्या. वरचा दिवा बंद केला, मोबाईल दूर नेऊन ठेवला. आकडा जागचा हलला नाही. तेवढ्यात आत दादाला खोकल्याची उबळ आली आणि तिसरी ओळ एकतीसवर गेली, मग चारवर, मग बावीसवर. उबळ ओसरली तसा आकडाही खाली उतरून सोळावर बसला.

बारकीच्या मनात पाल चुकचुकली.

तिनं स्वतःला समजावलं. खोकल्यानं जमीन हादरते, टेबल हादरतं, पिना हलतात. मग ती आत गेली. दादा डोळे मिटून पडला होता. घड्याळ हातात धरून तिनं पूर्ण एक मिनिट त्याच्या छातीकडे पाहिलं. सोळा.

योगायोगाला एक संधी द्यावी, दोन द्याव्यात. तिनं वहिनीला हाक मारली.

"वहिनी, जरा इथे बसतेस? मी आतून बोट वर केलं की इथला खालचा आकडा सांग. हळू आवाजात."

"मला नाही गं कळत तुमचं यातलं."

"आकडे कळतात ना?"

वहिनी पदराला हात पुसत खुर्चीच्या कडेवर बसली. बारकीनं आत मिनिट मोजलं आणि बोट वर केलं. तिच्याकडे सतरा होते. वहिनी म्हणाली, सतरा. दुसऱ्यांदा चौदा. वहिनी म्हणाली, चौदा. तिसऱ्यांदा बारकी मोजायची थांबली. दाराशी उभी राहून ती वहिनीच्या चेहऱ्यावर पडलेला निळा उजेड बघत राहिली.

"एवढंच?" वहिनीनं विचारलं. "मग मी जाऊ? दूध ठेवलंय गॅसवर."

३

शहाण्या माणसानं बोर्ड तिथेच बंद करून परत पाठवला असता. पण ज्याचे हात तीस वर्षं बंद डबे उघडत आलेत, त्याला बंद झाकण बघवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बारकीनं तिसऱ्या पंख्याच्या ओळीवर जाऊन एंटर दाबलं.

आत दोनच गोष्टी होत्या. पहिलीपुढे 'स्वतःचा' आणि 'दिलेला' असे दोन पर्याय. दुसरीपुढे आकडा लिहायची रिकामी जागा. बाकीच्या पानांवर उजवीकडे कसलं तरी मोडकंतोडकं स्पष्टीकरण असे. इथे ती बाजू कोरी होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं 'दिलेला' निवडलं आणि बारा लिहिलं.

आतली खरखर थांबली.

खुर्ची मागे पडल्याचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. ती दारात पोचली तेव्हा दादा श्वास घेत होता. छाती सावकाश वर येत होती आणि तितक्याच सावकाश खाली जात होती. शीळ नाही, ठेच नाही. दर पाच सेकंदांनी एक, पट्टीनं आखल्यासारखा. त्याच्या कपाळावरची ती कायमची आठी सुटली होती. कित्येक महिन्यांत तो इतका तरुण दिसला नव्हता, आणि म्हणूनच तिला त्याच्याकडे बघवेना.

ती धावत परतली, 'स्वतःचा' केलं. आत शीळ सुरू झाली, पाठोपाठ खोकला. आणि मग दादाची हाक.

"बारके... काय केलंस?"

त्याच्याशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. आकडा, मोजणी, वहिनीला खुर्चीत बसवलं ते. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"मला वाटलं... कुणीतरी माझ्या वाटचं घेतंय," तो म्हणाला. एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं. "म्हणजे श्वास. मी नुसता... पडून होतो. तुला नाही कळायचं. दिवसभर विहिरीतून... पाणी ओढायचं, आणि मग एकदम कुणी म्हणावं... सोड दोर, मी ओढतो."

"कुणी म्हणावं?"

"ते कुठे दिसतं?"

रस्त्यावरून कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"पुन्हा कर," दादा म्हणाला.

"दादा, मला माहीत नाही ते काय आहे."

"इतकी वर्षं आपण... काय माहीत असलेलंच वापरलं का?"

४

तीन दिवस बोर्ड चालू राहिला. बारकीनं टेबलाचा तो कोपरा मोकळा केला आणि पडद्यावर टॉवेल टाकला, म्हणजे येणाऱ्या गिऱ्हाइकानं विचारायला नको. बाकीचं काम ती दुसऱ्या कोपऱ्यात करत होती. पाठ मात्र त्या टॉवेलकडे करायला तिचं मन होईना.

दादा सुधारला, यात वादच नव्हता. पहिल्या संध्याकाळी तो भिंतीला न धरता न्हाणीघरापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी खिडकीशी खुर्ची टाकून बसला. डॉक्टर तपासून गेले, त्यांनी नळी दोनदा छातीला लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. "छान आहे," ते म्हणाले, पण बॅग बंद करायला त्यांनी उगाच वेळ लावला. दारात त्यांनी बारकीला विचारलं, "झोपेत बोलतात का हो ते?" बारकी नाही म्हणाली. "नाही ना," डॉक्टर म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

तिसऱ्या दिवशी तिनं ते पाहिलं. दादा तिला एका जुन्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होता. तो माणूस दर आठवड्याला बंद कॉम्प्युटर घेऊन यायचा आणि दर वेळी वायर भिंतीत खोचायची राहिलेली असायची. दादा एका दमात सांगत होता. दोन वर्षांत तो असा बोललाच नव्हता, म्हणून ती कौतुकानं ऐकत होती. आणि ऐकता ऐकता तिची नजर त्याच्या सदऱ्याच्या बटणांवर गेली.

माणूस बोलतो तेव्हा श्वास बाहेर सोडतो. वाक्य संपलं की आत घेतो. हे कुणी शिकवत नाही. दादाचं वाक्य चालूच होतं आणि छाती वर येत होती. शब्द बाहेर येत होते, हवा आत जात होती. वाक्य संपलं, तो थांबला, आणि छाती तिच्या वेळेला, तिच्या लयीत खाली गेली. तिला त्याच्या बोलण्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

"काय गं?" दादानं विचारलं.

"काही नाही. मग पुढे?"

"पुढे काही नाही. गोष्ट संपली." त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तू हसली नाहीस."

"तूही नाही हसलास."



संध्याकाळी वहिनी दुकानात आली. कधी नव्हे ते तिनं मधलं दार मागे लोटून घेतलं.

"बारके, मला तुमच्या यंत्रांतलं कळत नाही, आणि तू त्या दिवशी मला काय मोजायला लावलंस तेही मी विचारलं नाही. पण तीस वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपतेय. हे रागावले की कसा श्वास घेतात, स्वप्नात कसा घेतात, झोपेचं सोंग केलं की कसा घेतात, सगळं मला पाठ आहे." तिचा आवाज अगदी शांत होता. "दोन रात्री माझ्या शेजारी जे श्वास घेतंय, ते हे नाहीत."

"त्याला बरं वाटतंय, वहिनी."

"वाटत असेल. मी बरं वाटण्याबद्दल बोलत नाहीये."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकीनं टॉवेल काढला. तिसरा पंखा, बारा. ती त्या ओळीच्या आत शिरली आणि 'स्वतःचा'वर जायला बाण दाबला. उजेडाची पट्टी तिथे गेली नाही. तो शब्द होता, पण फिकट पडला होता, न वापरायच्या पर्यायांसारखा. तिनं पुन्हा दाबलं. कीबोर्ड बदलून दाबलं. मग भिंतीतली वायरच उपटली. पडदा काळा झाला, पंखे थांबले.

आत दादाचा श्वास पट्टीनं आखल्यासारखा चालूच होता.

तिला आश्चर्य वाटलं नाही. वीज गेली तरी बोर्डावर रुपयाएवढी चपटी बॅटरी असते आणि केलेल्या निवडी ती जपून ठेवते. बॅटरी काढली की बोर्ड सगळं विसरतो आणि पहिल्यासारखा होतो. प्रश्न एवढाच होता की या बोर्डाचं 'पहिल्यासारखं' म्हणजे काय? स्वतःचा? की आणखी काही, जे यादीत दाखवलेलंच नव्हतं?

माल कुणाचा ते बघावं आणि त्यालाच विचारावं, हा या घरातल्या कामाचा नियम होता. ती आत गेली. वहिनी पलंगाच्या कडेला बसली होती. बारकीनं दोघांना सारखंच सांगितलं, काहीही न लपवता.

"म्हणजे बॅटरी काढली की एकतर माझा श्वास परत येईल," दादा म्हणाला, "नाहीतर येणार नाही."

"हो."

"आणि नाही काढली तर?"

"तर हे असंच. किती दिवस, ते मला माहीत नाही."

वहिनी त्याच्या पांघरुणाची घडी सारखी करत राहिली. दादा खिडकीकडे बघत होता आणि त्याची छाती वर येत होती, खाली जात होती.

"तीन दिवसांत मी हसलो नाही," तो म्हणाला. "काल ती गोष्ट मी मुद्दाम सांगितली. हसू आलं होतं मला. इथपर्यंत आलं." त्यानं गळ्याला हात लावला. "पण हसायला श्वासाला जरा अडखळावं लागतं. हा अडखळत नाही. उसासाही टाकू देत नाही. रात्री मला हिला हाक मारायची होती, भीती वाटली म्हणून. भीती वाटली की श्वास चढतो ना? तोही चढला नाही. मग माझं मलाच कळेना, भीती खरंच वाटतेय की नाही." त्यानं गळ्यावरचा हात काढला. "विहिरीचा दोर माझाच बरा. काढ."

"दादा, जर..."

"मी आहे ना तो मालाचा मालक? काढ."

वहिनीनं त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण सोडलं आणि तळहात त्याच्या छातीवर ठेवला. "जा," ती बारकीला म्हणाली. "मी इथे आहे."

६

बारकी टेबलाशी आली. खिडकीतून ऊन थेट बोर्डावर पडलं होतं आणि हिरव्या पाटीवरची प्रत्येक रेघ स्पष्ट दिसत होती. हे काम तिनं आयुष्यात हजारदा केलं असेल. खिट्टी नखानं मागे सारायची, बॅटरी आपोआप वर उडते. आज तिचं नख दोनदा घसरलं.

तिसऱ्यांदा बॅटरी सुटली आणि टेबलावर गोल फिरून आडवी झाली.

आत शांत झालं.

ती मनात आकडे मोजू लागली. पाच. आखलेला श्वास आला नाही. दहा. काहीच आलं नाही. तिला हाक मारायची होती, पण वहिनीचा हात त्या छातीवर होता, आणि जे काही कळायचं ते आधी त्या हाताला कळायला हवं होतं. पंधरा. शेजारच्या घरात कुणीतरी भांडं ठेवलं. अठरा. बारकीनं टेबलाची कड धरली.

बाविसाव्याला शीळ वाजली.

बारीक, वेडीवाकडी, अर्ध्यात तुटलेली. मग खरखर. मग असा खोकला, की पलंग भिंतीवर आपटला. आणि त्या खोकल्याच्या मधोमध, त्याला धक्के देत, दादाचं हसू.

"चालू आहे गं," आतून वहिनी म्हणाली. ती रडत होती आणि लपवतही नव्हती. "बारके, ऐकतेस ना? यांचा चालू आहे."

बारकीनं खुर्ची ओढली आणि बसली. समोर बोर्ड पडला होता. वायर भिंतीतून काढलेली, बॅटरी बाजूला, पडदा काळा. आता त्यात काहीच उरलं नव्हतं. उद्या तो खोक्यात घालून परत पाठवायचा, आणि कारण विचारलंच तर सदोष माल म्हणून लिहायचं.

आत तो वेडावाकडा श्वास चालला होता. तो तिला डोळे मिटून, मन लावून ऐकायचा होता. दोन वर्षं तो कानांवर पडत राहिला आणि तिनं कधी ऐकलाच नाही, याची तिला लाज वाटली. नीट ऐकू यावा म्हणून तिनं ओठ मिटले आणि स्वतःचा श्वास रोखला.

तिची छाती वर आली.

सावकाश, सारख्या वेगानं, तिला न विचारता. वर जाऊन क्षणभर थांबली आणि तितक्याच सावकाश खाली गेली. तिनं नाक चिमटीत धरलं. पाच सेकंदांनी छाती पुन्हा वर आली.

"बारके," वहिनीनं हाक मारली. "ये ना आत. हे तुला बोलावतायत."

बारकीला वाटलं, आता आपला श्वास चढेल. ती त्याची वाट बघत बसून राहिली.